कप्तानबाईंच्या खुर्चीचा आवाज

मित्रांनो, माझी गोष्ट सुरू करण्याआधी माझ्या मालकांना या सगळ्यातून काय मिळणार होतं, ते सांगून ठेवते. म्हणजे शेवटी काय मिळालं ते तुम्हाला ताडून बघता येईल.

माझे मालक सलून चालवतात. गेल्या काही वर्षांपासून त्यांचा उजवा हात थरथरतो. थरथरत्या वस्तऱ्यापुढे कोण गळा देणार? गिऱ्हाईकं एकेक करून समोरच्या काचेच्या दुकानात गेली. इकडे उरले दोन आरसे, भिंतीवरचा टीव्ही, एक लांब बाक, मालक आणि मी. त्यामुळे एक जुनी मालिका पुन्हा सुरू होणार आणि तिच्यात मी दिसणार असं ठरलं, तेव्हा मालकांनी मनाशी धरलेला लाभ अगदी साधा होता. दुकानात पुन्हा माणसं येतील. केस कापायला नाही आली तरी चालेल. बाकावर बसतील, भांडतील आणि निघताना 'येतो हं' म्हणतील. बस, तेवढंच.

मी एक जुनी खुर्ची आहे. माझा जन्म झाला त्या कारखान्यात दोनच प्रकारच्या खुर्च्या बनत, सलूनच्या आणि दातांच्या डॉक्टरांच्या. पाया एकाच साच्यातून निघे. कोणाच्या नशिबी कात्री आणि कोणाच्या नशिबी किंचाळ्या, ते रंग दिल्यावर ठरे. माझं नशीब बरं निघालं. बिडाचा जड पाया, पोलादी दांडा, मरून रंगाचं रेक्झिन, मान टेकायला उशी आणि बाजूला एक दांडी. ती दाबली की मी वर जाते, आणि उलटी ओढली की उसासा टाकत खाली येते.

मालक तेव्हा तरुण होते. त्यांच्या उस्तादांनी त्यांना एक नियम घालून दिला होता. वस्तरा गळ्याशी असताना खुर्चीने बोलायचं नाही. खुर्ची कुरकुरली की गिऱ्हाईक दचकतं, आणि गिऱ्हाईक दचकलं की रक्त निघतं. म्हणून दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी मालक तेलाची बुधली घेऊन माझ्यापाशी बसत. मी लोण्यासारखी फिरत असे.

मग एक दिवस मालकांचा मेहुणा आला. तो चित्रीकरणासाठी सामान जमवण्याचं काम करी. तो गोड बोलू लागला की मालकांना घाम फुटे.

"दाजी, चारच दिवसांसाठी खुर्ची द्या."

"आणि गिऱ्हाईकांना काय मांडीवर बसवू?"

"अहो, अंतराळयान आहे. कप्तानाला बसायला काही नको का? स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून कोणी ताऱ्यांपलीकडे जातं का?"

आतून मालकीणबाईंचा आवाज आला, "देऊन टाका हो. परत येईल असं काहीतरी माझ्या भावाने पहिल्यांदाच मागितलंय."

त्या चार दिवसांची सहा वर्षं झाली.

मालिकेचं नाव होतं 'ध्रुवापार'. यान प्लायवूडचं होतं. भिंतींना अंड्यांचे पुठ्ठे चिकटवून वर चंदेरी रंग दिला होता. बटणं म्हणजे औषधाच्या बाटल्यांची झाकणं. मी मात्र खरी होते, बिडाची. कप्तानबाई माझ्यावर बसत आणि मेहुणा कॅमेऱ्याच्या नजरेआड राहून दांडी दाबे. त्या वर जात तेव्हा घराघरांतली मुलं श्वास रोखून बघत.

तिथे मला तेल घालायची कोणाला आठवण राहिली नाही. दुसऱ्या वर्षी माझ्या दांड्याखालची पितळी चकती झिजली. मी डावीकडे किंचित कलले, आणि वळले की आवाज येऊ लागला. कुर्र... टक. ध्वनिमुद्रण करणाऱ्याने डोक्याला हात लावला. पण लेखक हुशार निघाला. त्याने लिहून टाकलं की कप्तानबाईंचा निर्णय झाला की मगच त्या खुर्ची वळवतात. झालं! ज्या खोडीबद्दल सलूनमध्ये मला भंगारात काढलं असतं, तीच पडद्यावर माझी ओळख झाली. मुलं शाळेच्या बाकांवर बसून 'कुर्र... टक' करू लागली आणि मार खाऊ लागली.

मग मालिका अचानक बंद पडली, ती ऐन मोक्यावर. शेवटच्या भागात कप्तानबाईंना पाठीमागे चाहूल लागते. कुर्र... टक. त्या वळतात, त्यांचे डोळे विस्फारतात, आणि पडदा काळा होतो. पुढचा भाग आलाच नाही. त्यांना मागे काय दिसलं, यावर लोक बावीस वर्षं भांडत राहिले. कोणी म्हणे शत्रू, कोणी म्हणे देव, कोणी म्हणे मरण.

मला ठाऊक आहे, मित्रांनो. मागे मेहुणा उकिडवा बसला होता. चकती अडकली होती, म्हणून तो मला हाताने फिरवत होता. त्या ओढाताणीत त्याच्या पॅन्टची शिवण उसवली होती. लोकांनी त्या डोळ्यांत अख्खं विश्व पाहिलं. मी काही बोलले नाही. बोलता येत असतं तरी बोलले नसते.

सलूनमध्ये परत आले तेव्हा मालकांनी आधी बुधली काढली. एवढ्यात दारातून कोणीतरी ओरडलं, "थांबा!"

ते मास्तर. शाळेत भूमिती शिकवत. काखेत नेहमी पत्र्याची कंपासपेटी. त्यांनी अदबीने विचारलं, "एकदाच फिरवू का?" त्यांनी फिरवली. कुर्र... टक. मास्तरांनी चष्मा काढून पुसला. मालकांनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा बुधलीकडे पाहिलं, आणि बुधली फळीवर ठेवून दिली.

मालकांनी उस्तादांचा नियम मोडला तो तेव्हा. गावातले बाकीचे सलूनवाले चिडवत, "काय हो, तुमची खुर्ची अजून रडते का?" मालक हसत. दाढी करताना ते मला वळवायचेच नाहीत. स्वतःच माझ्याभोवती फिरायचे. वीस वर्षं फिरले.

हळूहळू बाकावर माणसं जमू लागली. सुट्टीच्या दिवशी टीव्हीवर जुने भाग लागत. सगळ्यांत नेमाने येणारी म्हणजे सिस्टर. इस्पितळात नर्स होती. लहानपणी सात महिने खाटेवर पडून होती, तेव्हा तिने 'ध्रुवापार' पाहिली होती. मालकांना मात्र मालिकेतलं ओ की ठो कळत नसे. "हा ग्रह मघाचाच का?" असं ते दर खेपेला विचारत, आणि दर खेपेला दोघं मिळून त्यांना समजावत. मला वाटतं, त्यासाठीच ते विचारत.

आणि एक दिवस सिस्टर दारातूनच ओरडत आली, "काका, पुन्हा काढतायत! 'ध्रुवापार' पुन्हा काढतायत!"

"काढू नये," मास्तर म्हणाले.

"का बरं?"

"जे अर्धं राहिलं ते अर्धंच बरं दिसतं. पुरं करायला गेलं की बिघडतं."

"मग मागे काय होतं, मागे काय होतं म्हणून इतकी वर्षं आमचं डोकं का खाल्लंत?"

"मला प्रश्न प्रिय आहे, सिस्टर. उत्तर नाही."

"गणिताच्या मास्तरांनी असं बोलावं? उद्या पोरांनी पेपरात हेच लिहिलं म्हणजे?"

"भांडा," मालक म्हणाले, "पण बसून भांडा. चहा सांगतो."

त्यांचा चेहरा उजळला होता. भांडण मोठं होणार आणि बाक भरणार, हे त्यांनी ओळखलं होतं.

काही दिवसांनी नवी दिग्दर्शिका स्वतः दुकानात आली. तिने पत्रांचे दोन गठ्ठे माझ्या हातांवर ठेवले. एका गठ्ठ्यातले लोक म्हणत होते, सगळं जसंच्या तसं ठेवा, झाकणाचं बटणसुद्धा बदललं तर खबरदार. दुसऱ्या गठ्ठ्यातले म्हणत होते, तेच ते पुन्हा दाखवणार असाल तर कृपा करून दाखवू नका. ती दमलेल्या आवाजात म्हणाली, "मी दोन्ही गठ्ठे वाचलेत. दोघांचं एकाच गोष्टीवर एकमत आहे. खुर्ची तीच हवी."

मालक माझ्या पाठीवर हात ठेवून उभे होते. त्यांनी ती पाठ दोनदा थोपटली आणि दिग्दर्शिकेसाठी चहा सांगितला.

आता तुम्हाला वाटेल की मास्तर रागावले असतील. छे! माणसाचा एखाद्या गोष्टीला विरोध असतो तो त्याला विचारलं जाईपर्यंत. दुसऱ्या दिवशी ते सुवाच्य अक्षरातली यादी घेऊन हजर झाले. खुर्ची जगापुढे जाणार तर ती निर्दोष गेली पाहिजे. यादीत एक्केचाळीस मुद्दे होते. रेक्झिनची नेमकी छटा, उजव्या हातावरचा ओरखडा, उशीची उंची. सतरावा मुद्दा असा: 'खुर्ची डावीकडे दोन अंश कलली आहे. पहिल्या वर्षीच्या भागांत ती सरळ दिसते. सरळ करावी.'

पुढच्या तीन सुट्ट्या तिघंही माझ्यावर राबली. इतकं प्रेम माझ्यावर आयुष्यात कोणी केलं नव्हतं. मास्तरांनी मोजलं. सिस्टरने स्पिरिटचे बोळे घेऊन माझी फट न् फट पुसली. "एवढ्या लोकांच्या माना टेकल्यात," ती म्हणाली, "कप्तानबाईंना काही व्हायला नको." आणि मालकांनी मला आडवी पाडून दांडा उपसला, झिजलेली चकती काढली, नवी बसवली आणि तिला ग्रीस फासलं. नव्या चकतीला ग्रीस द्यायचं असतं, हे त्यांच्या हातांना पाठ होतं. मास्तरांचं लक्ष कोनमापकावर होतं, सिस्टरचं बोळ्यावर. माझा आवाज त्या जुन्या चकतीत आहे, हे तिघांपैकी कोणाच्याही ध्यानात आलं नाही. फुलात वास असतो तसा खुर्चीत आवाज असतो, असं ते धरून चालले होते. त्या कामात मालकांचा हात एकदाही थरथरला नाही. मला ते इतकं बरं वाटलं, की मीही पुढचा विचार केला नाही.

मग पायाला रंग दिला. मालक मला एकदा फिरवून बघणार होते, पण मास्तर म्हणाले, "हात लावू नका, रंग ओला आहे."

मालक तेल पुसायला चिंधी आणायला आत गेले आणि सिस्टर हात धुवायला गेली, तेव्हा मास्तरांनी फरशीवरची ती झिजलेली चकती उचलली. इकडेतिकडे पाहिलं आणि कंपासपेटीत टाकली. चोरी म्हणून नाही, मित्रांनो. आठवण म्हणून. मी साक्षीला आहे.

रंग वाळताच मला गाडीत घालून नेलं. चित्रीकरणाच्या पहिल्या दिवशी कप्तानबाई आल्या. केस पांढरे झाले होते. त्यांनी माझ्या डाव्या हाताखाली बोट फिरवलं. तिथे जुन्या दिवसांत वाट बघता बघता त्यांनी नखाने कोरलेल्या रेघा आहेत. त्या त्यांना सापडल्या. त्या बसल्या आणि वळल्या.

काहीच नाही. मी लोण्यासारखी फिरले.

"काय गं म्हातारे," त्या वाकून पुटपुटल्या, "रुसलीस का?"

मी रुसले नव्हते. मी बरी झाले होते, आणि त्याला इलाज नव्हता. त्यांनी मला हलवलं, ठोकलं, पुन्हा पुन्हा वळवलं. दिग्दर्शिकेचा चेहरा उतरला. जुन्या भागांतला आवाज उचलावा तर त्यावर संगीत चढलेलं होतं. शेवटी यंत्रातून एक आवाज काढून घातला. साबणाच्या वडीसारखा गुळगुळीत.

पहिला भाग दाखवला जाणार होता त्या दिवशी मालकांनी मला दुकानात परत मागवून घेतलं. माझ्यावर स्वच्छ चादर टाकली आणि मला मधोमध ठेवलं. संध्याकाळी चाळीस माणसं आली. बाक भरला, पायऱ्या भरल्या, काही जण दाराबाहेर टाचा उंचावून उभे. मालक त्यांच्यामधून वाट काढत चहा देत होते. "सरका की जरा," म्हणताना त्यांना केवढा आनंद होत होता! तो दिवस त्यांना मिळाला. तेवढा मी त्यांच्या नावावर धरते.

मालिका सुरू झाली. कप्तानबाई बावीस वर्षांनी ते वळण पूर्ण करतात आणि त्यांना समोर दिसते ती स्वतःच, पांढऱ्या केसांची. सिस्टर ओक्साबोक्शी रडू लागली. तिच्या शेजारचा म्हणाला, "एवढंच?" तिसऱ्याला यान फारच नवं वाटलं, चौथ्याला फारच जुनं. प्रत्येकाला जुनंच हवं होतं, पण प्रत्येकाचं जुनं वेगळं होतं. त्या सगळ्यांना एका जागी आणू शकेल अशी एकच गोष्ट होती, माझा आवाज, आणि तो आला साबणासारखा गुळगुळीत.

"हा आवाज नाही," कोणीतरी म्हणालं.

"आवाज मागाहून घातलाय. खुर्ची तीच आहे ना?"

एकाने चादर ओढली आणि मला फिरवलं. चाळीस माणसांदेखत मी गोल फिरले, मुकाट. एरवी माझ्या तोंडाला कोणी कुलूप घालू शकलं नसतं, आणि त्या दिवशी मला साधं कुरकुरता येईना.

"ही ती नाहीच. खरी विकली वाटतं, काका?"

मालक हसले. त्यांना ती थट्टा वाटली. मग त्यांना चेहरे दिसले. "अहो, चकती बदलली मी," ते म्हणाले. "ग्रीस घातलं. त्यानेच गेला असणार."

पण लोक मालकांकडे बघत नव्हते. ते मास्तरांकडे बघत होते. या खुर्चीबाबत मास्तरांचा शब्द शेवटचा, हे सगळ्यांना मान्य होतं. मास्तर उभे होते. 'ती हीच आहे, आणि सतरावा मुद्दा माझा होता' एवढंच म्हणायचं होतं. त्यांच्या ओठांवर ते आलेलं मी पाहिलं. मग त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि म्हणाले, "शक्यता नाकारता येत नाही."

काय वाक्य आहे बघा! त्यात एकही शब्द खोटा नाही.

दुसऱ्या दिवशी मालकांनी जुनी चकती शोधायला काढली. ती पुन्हा बसवून आवाज ऐकवला असता तर प्रश्न मिटला असता. वस्तऱ्यांचा खण उपसला, केरसुणीने कोपरे काढले. गुडघे टेकून बाकाखाली पाहिलं. "इथेच टाकली होती हो," असं सारखं म्हणत होते. मास्तर त्यांच्याबरोबर शोधत होते. कंपासपेटी काखेत होती.

सिस्टर कडाडली, "मास्तर, यादी तुमची होती. सांगा की लोकांना!"

"यादीत आवाजाचा उल्लेख नव्हता," मास्तर म्हणाले.

तिने स्वतः सगळ्यांना सांगून पाहिलं. पण तिला नवी मालिका आवडली होती, म्हणून तिचं कोणी ऐकेना. कप्तानबाईंनी मुलाखतीत नखांच्या रेघांबद्दल सांगितलं. लोक म्हणाले, त्या तर असं बोलणारच. सिस्टर मालकांना म्हणाली, "काका, तुम्ही तरी नाव घ्या ना मास्तरांचं."

मालक वस्तरा पुसत होते. म्हणाले, "ज्याने स्वतःची मान आपल्या हाती दिली, त्याची मान चारचौघांत खाली घालायची नसते, पोरी. हेही उस्तादांनीच शिकवलंय."

मालिका एक हंगाम चालली आणि थांबली. नवीवाले म्हणाले, जुन्यावाल्यांनी मारली. जुनेवाले म्हणाले, नव्यावाल्यांनी. बाक रिकामा होत गेला. सिस्टरची बदली झाली. जाताना ती माझ्या उशीवर हात फिरवून गेली, मास्तरांशी न बोलता.

मास्तर एकदाच आले, केस कापायला. पेटी आरशाखालच्या फळीवर ठेवली. मालकांनी हळूहळू, थरथरत्या हाताने पण नीट केस कापले. मास्तरांची मान खालीच होती. निघताना त्यांनी घाईने पेटी उचलली आणि आत काहीतरी खुळखुळलं. कर्कटकाचा आवाज वेगळा आणि पितळेचा वेगळा. मालकांना तो ओळखायला वेळ लागला नाही. आरशात दोघांची नजरानजर झाली.

"येत जा, मास्तर," मालक म्हणाले. "पेटी जपा."

मास्तर पुन्हा आले नाहीत.

मित्रांनो, मी तुमच्याकडे एवढंच मागते. एखाद्या जुन्या गोष्टीवर जीव जडला, तर तिला पुसा, जपा, पण सरळ करायला निघण्याआधी तिला एकदा हलवून ऐका. तिची खोड कोणती आणि तिचा जीव कशात, हे यादीत सापडत नाही. आणि तुमच्या हातून चूक झाली तर त्याच संध्याकाळी बोला. उशिरा बोलणाऱ्यांचे शब्द नुसतेच पेटीत खुळखुळत राहतात.

आता ताडून बघा. दिग्दर्शिकेला तिच्या बालपणीच्या यानात वर्षभर राहायला मिळालं. कप्तानबाईंचं वळण पुरं झालं. जुन्या यानाचा कारागीर म्हणून मेहुण्याचा फोटो छापून आला, पॅन्टची शिवण गुलदस्त्यातच राहिली. लोकांना हवा तसा एक लबाड सापडला. मास्तरांचा शब्द अजूनही शेवटचा आहे. मी सरळ उभी आहे, एक अंशही कलत नाही. मालकांना फक्त माणसं हवी होती, आणि बाकावर आता तेलाची बुधली असते. सगळ्यांच्या वाटचं एकट्या मालकांनी भरलं, आणि त्याची पावती मास्तरांच्या कंपासपेटीत आहे.